टीव्हीवर सांगितलेली तुला

महालक्ष्मीला बोलता येतं, हे चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. भाजीवालीशी ती तमिळमधून भांडायला लागली की बाकीची गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून ऐकत उभी राहतात, आणि शेवटी भाजीवालीच हसून कढीपत्त्याची जुडी तिच्या पिशवीत टाकते. मुलींच्या शाळेत ती नववीला इतिहास शिकवते. राजेंद्र चोळाचं आरमार ती असं समुद्रात सोडते की मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलींनाही खारा वारा लागावा.

घरात मात्र मराठी. तंजावरची, जुन्या वळणाची. 'चांगलं'ला 'चोखोट' म्हणणारी आणि वाक्य संपताना तमिळसारखा हेल काढणारी. नवरा राणोजी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात नोकरीला. पहाटे कंपनीच्या बसनं जातो, संध्याकाळी येतो आणि बायको बोलत असते ते ऐकत जेवतो. पाहुण्यांना सांगतो, आमच्याकडे रेडिओ कधी विकत घ्यावा लागला नाही.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे हरिप्रिया, राणोजीला अण्णा म्हणणारी त्याची धाकटी बहीण. महालक्ष्मी लग्न होऊन आली तेव्हा हरि शाळेत जात होती, आणि तिच्या वेण्या घालायचं काम वैनीकडे आलं. तेव्हापासून त्या दोघींचं एक. हरीचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे नातेवाईक दबक्या आवाजात सांगायचे, आणि सांगताना दोन्ही हातांनी हवेत एक मोठं वर्तुळ काढायचे. हरि लहानपणापासून अंगानं भरलेली. पस्तिशीनंतर आणखी वाढली. टी. नगरला एका ऑडिटरकडे ती कामाला आहे, रोज मांबलम स्टेशनचा पूल ओलांडून जाते. गेल्या वर्षापासून त्या पुलाच्या पायऱ्यांवर तिला दम लागायला लागला. केस मुठीमुठीनं गळायला लागले. चेन्नईच्या मे महिन्यात, सगळं गाव घामानं भिजत असताना, ती पंखा बंद करून पांघरूण घ्यायची.

दोन डॉक्टर झाले. दोघांनी तिला आधी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि मान वर न करता सांगितलं, भात कमी करा. तिनं भात कमी केला. दम तसाच राहिला. तिसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं की ती उठून जायची. महिनाभर मागे लागल्यावर एका संध्याकाळी म्हणाली, "वैनी, तुम्ही बरोबर याल तर येते. दुसरं कुणी नको." महालक्ष्मीनं एका मोठ्या इस्पितळात वेळ घेऊन ठेवली.

आणि त्याच सुमाराला टीव्हीचं आलं.

दर रविवारी लागणारा कार्यक्रम. साध्या माणसांच्या दोन बाजू समोरासमोर बसवायच्या, मध्ये निवेदक उभा, आणि मग सासवा विरुद्ध सुना, भाडेकरू विरुद्ध घरमालक, असं तास दीड तास वाजवायचं. महालक्ष्मीच्या एका विद्यार्थिनीची बहीण, संयुक्ता, तिथं माणसं गोळा करायचं काम करायची. तिनं फोन केला. या वेळचा विषय शरीराचं वजन. एका बाजूचं म्हणणं, ज्याचं शरीर त्याचं; लोकांनी जिभा आवराव्यात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खरं प्रेम असेल तर तोंडावर सांगितलंच पाहिजे. मॅडम कुठल्या बाजूला बसणार, असं तिनं विचारलं तेव्हा महालक्ष्मीला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

हरीला तर तो सणच झाला. वैनीची निळी सुती साडी तिनं स्वतः इस्त्री करून ठेवली. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती मुद्दे सांगत होती आणि महालक्ष्मी ते घोळवून बघत होती. शेवटी हरि म्हणाली, "बाकी काही विसरलात तरी चालेल. एवढं एक सांगा. डॉक्टर आधी काटा बघतो, मग माणूस बघायचा राहूनच जातो." महालक्ष्मीनं ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. हरि डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, चोखोट.

पूनमल्लीकडच्या त्या स्टुडिओत मरणाचा गारठा होता. संयुक्ता कानाला फोन आणि हातात वेफर्सचा पुडा घेऊन पळत होती. महालक्ष्मीला बघताच तिनं तिचा हात धरला आणि बाजूला नेलं. 'ज्याचं शरीर त्याचं'वाली बाजू फुल्ल झाली होती. समोरच्या बाजूची माणसं ऐनवेळी गळाली होती. जिमवाले आले होते, पण त्यांना दंड दाखवण्यापलीकडे काही येत नव्हतं. मॅडमनी तिकडे बसावं. नुसतं बसावं. बोललंच पाहिजे असं नाही.

महालक्ष्मी म्हणाली, मग मी घरी जाते.

संयुक्ता रडकुंडीला आली. नोकरी नवी आहे म्हणाली, मॅडम तुम्ही माझ्या बहिणीच्या टीचर म्हणाली. आणि महालक्ष्मीनं मनाशी म्हटलं, बसते. बसण्यानं काय होतंय. खरं सांगायचं तर तोवर तिच्या तोंडाला पावडर लागली होती, पदराला माइक अडकवायला मुलगी आली होती, आणि दिव्यांची ती झगझगीत रांग सोडून मागच्या दारानं रिक्षा शोधत जाणं तिच्या जिवावर आलं होतं. नंतर हे आठवलं की तिला सगळ्यात जास्त लाज या पावडरीची वाटायची.

अर्धा तास ती खरंच गप्प बसली. समोरून एक मुलगी बोलली, एक बँकेतला तरुण बोलला, एक वकीलबाई बोलल्या. महालक्ष्मीच्या बाजूचे जिमवाले प्रत्येकाला साखर, साखर एवढंच सांगत होते आणि लोक त्यांना हसत होते. मग समोरच्या शेवटच्या रांगेतून एक बाई उठली, हरीच्याच वयाची, हरीच्याच अंगाची. तिनं सांगितलं, माझी पाठ दुखते म्हणून गेले तर डॉक्टरांनी माझं वजन ऐकलं आणि पाठीला हातसुद्धा लावला नाही. काट्यापुढे माणूस दिसतच नाही हो त्यांना.

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. निवेदक हसत महालक्ष्मीकडे वळला. म्हणाला, टीचर, तुमची बाजू आज नापास होणार असं दिसतंय. तुम्ही इतक्या गप्प का?

तिला आजवर गप्प कुणी म्हटलं नव्हतं.

ती उठली. दोन गोड शब्द बोलून बसायचं, एवढंच मनात होतं. पण सुरुवात झाली, "माझ्या घरी माझी नणंद आहे. माझी लेकच." आणि सभागृह शांत झालं. ती शांतता महालक्ष्मीच्या ओळखीची होती. वर्गात ती शांतता पडली की पुढची गोष्ट सांगायचीच असते.

तिनं देवळातल्या तुलेची गोष्ट सांगितली.

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी हरीला डेंग्यू झाला, रक्तातल्या पेशी घसरत घसरत डॉक्टरही गप्प होण्याइतक्या खाली गेल्या. इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून महालक्ष्मी देवाला बोलली, माझी हरि घरी येऊ दे, तिच्या वजनाचा गूळ तुला घालीन. हरि घरी आली. नवस कळल्यावर मात्र हबकली. देवळात, लोकांसमोर, तराजूत बसायचं? दोन वर्षं तिनं टाळलं. शेवटी वैनीच्या नवसासाठी म्हणून तयार झाली. अट एकच, गर्दी नसताना जायचं. शहराच्या दक्षिणेकडच्या एका देवळात दोघी सकाळीच गेल्या. नेमका तो मुहूर्ताचा दिवस, रांग दारापर्यंत. हरि एका पारड्यात मांडी घालून बसली, दुसऱ्या पारड्यात देवळातली माणसं गुळाच्या ढेपा रचायला लागली. आणलेला गूळ संपला. पारडं हललं नाही. महालक्ष्मी बाहेरच्या दुकानात पळाली, आणखी ढेपा आणल्या. तरी हललं नाही. ती पुन्हा पळाली. तेव्हा रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं बोलला की आता गुळाची लॉरीच बोलवा. रांग हसली. हरि पारड्यात डोळे मिटून बसून होती, ओठ पुटपुटत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. खाली उतरल्यावर तिनं वैनीचा हात धरला. म्हणाली, "हे अण्णाला नको सांगू. कुणालाच नको." एरवी तुम्ही म्हणणारी हरि त्या दिवशी लहानपणीसारखी तू म्हणाली होती. महालक्ष्मीनं तिच्या हातावर हात ठेवला होता.

तेच तिनं दिव्यांच्या उजेडात सांगितलं. दुकानाकडे पळतानाची धाप तिनं काढून दाखवली. लॉरीवाल्या म्हाताऱ्याचा घोगरा आवाज काढला. लोक खुर्च्यांत वाकवाकून हसले. मग ती थांबली. कुठं थांबायचं ते तिला कळतं. हळू आवाजात म्हणाली, "ती उतरली तेव्हा रडत होती. त्या दिवशी मला कळलं, आपण प्रेमानं गप्प बसलो म्हणून हिला तिऱ्हाइकाकडून ऐकावं लागलं. प्रेम असेल तर घरच्यांनी आधी बोलायला हवं."

त्या दिवशी असं काहीही कळलं नव्हतं. त्या दिवशी तिनं हरीला नुसतं गरम इडली खायला नेलं होतं. ते वाक्य तिथंच, माइकसमोर उभ्या उभ्या सुचलं होतं.

टाळ्या थांबेनात. समोरची ती बाई खाली मान घालून बसली होती. त्या दिवशीची उत्तम वक्ता म्हणून महालक्ष्मीला तेलाच्या आणि मसाल्यांच्या पुड्यांची एक टोपली मिळाली. घरी आल्यावर हरीनं दारातच विचारलं, माझं वाक्य सांगितलंत ना? महालक्ष्मी म्हणाली, गोंधळ फार होता, बघू काय ठेवतात. टोपली हरीनंच उघडली आणि पुड्या डब्यांत भरल्या.

रविवार यायचा होता. महालक्ष्मीनं संयुक्ताला फोन केला, माझं सगळं काढून टाका. संयुक्ता म्हणाली, मॅडम, तेच तर बेस्ट झालंय, एडिटरच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा केला, तिनं उचलला नाही. हरीला आपणच आधी सांगावं, असं महालक्ष्मी रोज सकाळी ठरवायची. सकाळी हरि घाईत असायची. संध्याकाळी दमलेली असायची. सांगण्यासारखी वेळ सापडली नाही असं नव्हे. जिभेची धनी असलेल्या बाईला शब्द सापडले नाहीत.

हरीनं ते ऑफिसात पाहिलं, कार्यक्रमाच्याही आधी, जाहिरातीच्या तुकड्यात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं फोन पुढे केला होता: तुमच्या वैनी ना या?

मग तो तुकडा वणव्यासारखा गेला. एका बाजूच्या लोकांनी मागे व्हायोलिनचं संगीत लावलं आणि लिहिलं, अशी वहिनी घरोघरी हवी. दुसऱ्या बाजूच्यांनी महालक्ष्मीचं तोंड वेडंवाकडं थांबवून फोटो केला आणि लिहिलं, घरातला छळ असा दिसतो. एका आहारतज्ज्ञानं त्यावर भाषण दिलं, दुसरीनं त्या भाषणावर. शाळेच्या स्टाफरूममध्ये निम्म्या जणींनी पाठ थोपटली, निम्म्या जणी चहा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. राणोजीला कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी दाखवलं. तो घरी येऊन बायकोसमोर उभा राहिला, आणि हातपाय धुवायला गेला. शरीराचा अभिमान बाळगा म्हणणाऱ्या एका गटानं हरीला शोधून काढून निरोप पाठवला: ताई, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, आमच्या लाइव्हवर येऊन वहिनीला उत्तर द्या. हरीनं तो निरोप खालच्या मजल्यावरच्या अलमेलू मामींना दाखवला आणि पुसून टाकला. मामींनी ते नंतर महालक्ष्मीला सांगितलं. हरि म्हणाली होती, मामी, दोन्हीकडचे एवढे बोलतायत, पण मला दम का लागतो हे कुणी विचारलं का?

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर महालक्ष्मीला बरं वाटलं असतं. भांडणात ती कधी हरत नाही. हरि आपलं ताट खोलीत नेऊन जेवायला लागली. पाण्याचा तांब्याही नेऊ लागली. एका संध्याकाळी ताट धुवायला आली तेव्हा नळ बंद करून तिनं विचारलं,

"वैनी, एक सांगाल? तो लॉरीवाला बोलला तेव्हा तुम्ही दुकानातून येत होतात. तुम्हाला हसू आलं होतं?"

"नाही गं."

हरीनं नळ पुन्हा उघडला नाही.

"थोडं," महालक्ष्मी म्हणाली. "थोडं आलं होतं, हरि."

"सरि, ठीक," हरि म्हणाली. ताट पुसलं, जागेवर ठेवलं आणि जाता जाता सांगितलं, "इस्पितळातली ती वेळ रद्द करून टाका."

महालक्ष्मीनं ती रद्द केली नाही. तेवढंच तिनं केलं. हरीच्या दारापर्यंत ती जायची, आणि काय तोंडानं सांगू हिला डॉक्टरकडे चल म्हणून, असं वाटून परत यायची. प्रेम असेल तर बोलायला हवं, हे आता सगळ्या तमिळनाडूला तिच्या तोंडून ऐकून झालं होतं. तेच तोंड हरीपुढे उघडत नव्हतं.

मग एका सकाळी मामी धापा टाकत वर आल्या. हरि पुलाच्या पायऱ्यांवर बसलेली त्यांनी पाहिली होती. बाजूनं माणसं जातायत, ही कठड्याला धरून बसली आहे, ओठ पांढरे. मामींनी तिला सोडा पाजून आणलं होतं. महालक्ष्मीनं मामींचे हात धरले. माझं ती ऐकायची नाही, तुम्ही घेऊन जा. मामींनी हरीला राजी केलं. पण इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मामींचा मुलगा, गुम्मिडिपूंडीला कारखान्यात काम करणारा, तापानं पडला आणि मामी पहिल्या गाडीनं तिकडे गेल्या.

सकाळी हरि पर्स घेऊन बाहेर आली. महालक्ष्मी तयार होऊन खुर्चीत बसली होती, विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून नुसतीच.

"चला," हरि म्हणाली. "पण तिथं बोलायचं नाही."

रिक्षात महालक्ष्मी बोलली नाही. नोंदणीच्या खिडकीशी बोलली नाही. डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक नर्स काट्याजवळ उभी होती, तिनं महालक्ष्मीकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. अम्मा, तुम्ही टीव्हीवरच्या ना? काय बोललात, काय बोललात. माझ्या जावेला मी दाखवलं. आणि मग तिची नजर सरकत सरकत हरीवर गेली, वरून खाली, आणि तिथं थांबली. बाकावर बसलेली माणसंही वळून बघायला लागली.

महालक्ष्मीनं तोंड उघडलं. मी खोटं बोलले, एवढं सांगायचं होतं. पण हरीनं नुसतं बघितलं तिच्याकडे, आणि तिनं ते मिटलं.

"होय, ती मीच," हरि नर्सला म्हणाली. "काटा हाच का?" चपला काढून ती त्याच्यापुढे उभी राहिली. "वैनी, तुम्ही तिकडे तोंड करा."

महालक्ष्मी भिंतीकडे वळली. लहान मुलाला शिक्षा करावी तशी, नाकासमोर भिंत. ती रोज मुलींना असं उभं करते. मागे काटा किंचित वाजला, आणि नर्सनं सवयीनं आकडा मोठ्यानं म्हटला. तो महालक्ष्मीनं ऐकला. ऐकायचा नव्हता, पण कान काही भिंतीकडे वळत नाहीत. हरीचं आणखी एक गुपित आता तिच्याजवळ होतं, आणि या वेळी सांगू नको म्हणत कुणी तिचा हात धरला नव्हता.

"आत मी एकटी जाते," हरीचा आवाज आला. दार लागलं.

बराच वेळ महालक्ष्मी बाकावर बसून होती. शेजारच्या बाईनं सेल्फी मागितला. तिनं मान हलवून नाही म्हटलं. हरि बाहेर आली, रक्त द्यायला गेली, पुन्हा आत गेली. महालक्ष्मी प्रत्येक वेळी उठून उभी राहिली आणि परत बसली. कागद हरीनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. काय झालं, असं महालक्ष्मीला विचारायचं होतं, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं.

परतीच्या रिक्षात हरीनं मामींना फोन लावला. तमिळमधून बोलत होती, खिडकीच्या बाजूला तोंड करून. मुलाचा ताप विचारला. मग म्हणाली, थायरॉइड पार बिघडलंय म्हणे मामी, कधीपासूनचं आहे. गोळी सुरू केली. नाही, आधी मला विचारलं त्यांनी, सगळं विचारलं, मानेला हात लावून बघितलं. काट्याचं नंतर. पलीकडून मामींनी काहीतरी विचारलं असावं. हरि म्हणाली, हो, वजनही उतरवायला हवं म्हणाले, गुडघ्यांसाठी. दोन्ही आहे, मामी. दोन्ही खरं आहे.

महालक्ष्मीनं आपल्या बाजूला मान फिरवली. घरातल्या माणसाच्या दुखण्याची बातमी तिला शेजारच्या बाकावरच्या प्रवाशाला कळावी तशी, दुसऱ्याच्या फोनमधून कळत होती. ऐकू नये असं तिला वाटत होतं, आणि एक शब्दही सुटू नये असंही वाटत होतं. गोळी कधी घ्यायची? उपाशीपोटी का? परत कधी बोलावलंय? तिनं पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं आणि रस्त्याकडे बघत राहिली.

रेल्वेच्या रुळांखालच्या दुरैसामी सबवेत रिक्षा शिरली. बोगद्यात गाड्यांचा कल्लोळ झाला, काही ऐकू येईना. तेव्हा हरीनं आवाज चढवला. सकाळी उपाशीपोटी घ्यायची म्हणाले, ती जवळजवळ ओरडूनच सांगत होती, आणि सहा आठवड्यांनी परत रक्त.

मामींना ऐकू यावं म्हणून ओरडली, की आणखी कुणाला, हे महालक्ष्मीनं स्वतःला विचारलं नाही. तेवढा हक्क आपल्याला राहिलेला नाही, असं तिला वाटलं. तिनं मनातल्या मनात फक्त म्हटलं, उपाशीपोटी. सहा आठवड्यांनी.